गुणपत्रिकेबाहेरचा गुण

कोचिन जातीची कोंबडी चालताना पाहिली म्हणजे तिला पाय आहेत ही गोष्ट केवळ अनुमानाने मान्य करावी लागते. मानेपासून शेपटीपर्यंत तिच्या देहाला एकही कोन नाही. पाठीची रेषा खांद्यांपाशी किंचित उतरून मागे पुन्हा गोलाकार चढत जाते, मांड्या पिसांच्या फुगीर घेरात लुप्त झालेल्या असतात, आणि नडगीवरून खाली ओघळलेली पिसे थेट मधल्या बोटापर्यंत पोहोचून बाहेरच्या अंगाला पसरलेली असतात. त्यामुळे ती अंगणातून सावकाश येऊ लागली की दिवाणखान्यातला एखादा गलेलठ्ठ लोड बैठक सोडून स्वतःच्या मर्जीने फिरायला निघाला असावा, असा भास होतो. अमेरिकन मापदंडाप्रमाणे पूर्ण वाढलेला कोंबडा 11 पौंडांचा आणि कोंबडी साडेआठ पौंडांची, म्हणजे अनुक्रमे सुमारे 5 किलो आणि पावणेचार किलोंहून किंचित अधिक भरावी अशी अपेक्षा आहे. परंतु तिला प्रथमच उचलून घेणाऱ्याला, दिसणाऱ्या आकाराच्या मानाने हाती लागणारे वजन इतके कमी वाटते, की या प्राण्याचा अर्धा भाग निव्वळ दृष्टीसाठीच निर्माण झाला आहे, हे तिथल्या तिथे त्याच्या ध्यानात येते.

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या घरामागे, जिथे पूर्वीच्या मालकाने भाजीचा मळा केला होता तिथे, मी बदामी रंगाच्या कोचिन कोंबड्यांचा एक लहानसा कळप बाळगून आहे. भारतातून येणारे पाहुणे पहिल्याच संध्याकाळी, चहाचा पेला हातात घेऊन जाळीपाशी उभे राहतात आणि जो प्रश्न विचारतात तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, हे मी जाणतो. अंडी किती देते? त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की थोडी देते, उशिरा देऊ लागते, आणि एवढ्या देहाच्या मानाने लहान देते. तलंग सातआठ महिन्यांची होईपर्यंत तिच्याकडून काही आशा धरू नये; पुढे हिवाळ्यात, इतर कोंबड्या बहुधा हात आखडता घेतात तेव्हा, ती मधूनमधून फिकट तपकिरी अंडे घालून आपला मान राखते, आणि वसंत आला की अंडी घालण्याचे कामच बरखास्त करून बसून राहते. दाण्याचा खर्च आणि अंड्यांचे उत्पन्न यांचा जमाखर्च मी एकदा मांडून पाहिला होता. तो कागद नंतर कोठे गेला याचा मी शोध घेतलेला नाही.

या कोंबडीचा आपल्या केरळातल्या कोचीशी काडीचाही संबंध नाही. ती शांघायची, आणि ती पश्चिमेकडे ज्या वाटेने गेली त्या वाटेच्या आरंभी मात्र आपल्या मुलुखाचे पाऊल उमटलेले आहे. माळव्यात, शिंदे-होळकरांच्या संस्थानांत पिकलेली अफू परवाना-शुल्क भरून मुंबई बंदरी येई आणि तेथल्या सावकार-व्यापाऱ्यांच्या गलबतांतून चीनला जाई. त्या व्यापाराच्या रक्षणार्थ इंग्रजांनी चीनशी युद्ध केले, 1842 साली नानकिंगचा तहनामा लिहून घेतला, आणि त्यातल्या कलमाने जी पाच बंदरे परकीय व्यापाराला मोकळी झाली त्यांतले एक शांघाय. पुढे तेथून परतणाऱ्या जहाजांवर चहा-रेशमाबरोबर या प्रचंड, शांत, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्याही चढल्या. मुंबईच्या ज्या पेढ्यांवर त्या अफूचे हिशेब लिहिले गेले त्यांच्या दफ्तरांत कोंबडीची नोंद सापडणार नाही; पण इतिहास पुष्कळदा ज्या गोष्टीसाठी दार फोडतो ती एका बाजूला राहते, आणि उघड्या दारातून भलतेच कोणीतरी निवांतपणे बाहेर पडते.

इंग्लंडात या सुमारास व्हिक्टोरिया राणीच्या विंडसर येथील पक्षिगृहात पूर्वेकडून नजराणा म्हणून आलेल्या मोठ्या कोंबड्या होत्या, आणि 1843 च्या अखेरीस एका सचित्र साप्ताहिकाने त्यांचे चित्रही छापले. मौज अशी, की त्या चित्रातल्या कोंबड्यांच्या नडग्या बोडक्या आहेत. आज ज्याच्यावाचून कोचिन ही कोचिनच नव्हे असे पंच मानतात, ते पायांवरचे पिसांचे वैभव शांघायहून नंतर आलेल्या कोंबड्यांत होते, आणि त्याला आजची विपुलता आली ती माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हव्यासाने. राजदरबारात एखाद्या वस्तूचा प्रवेश झाला की ती प्रजेच्याही घरात हवी असते. इंग्लंडात आणि त्याच्या पाठोपाठ अमेरिकेत या पक्ष्यांचे जे वेड पसरले त्याला इकडे कोंबडीज्वर असेच नाव पडले. एकेका कोंबड्याला शंभर शंभर गिनी मोजल्या गेल्याचे त्या काळचे लेखक सांगतात.

त्या ज्वराचे अमेरिकेतले पहिले मोठे लक्षण बॉस्टनच्या सार्वजनिक उद्यानात 1849 च्या नोव्हेंबरात भरलेल्या कोंबड्यांच्या प्रदर्शनात दिसले. त्या प्रदर्शनाचा पुढाकार ज्या डॉक्टर जॉन बेनेट यांनी घेतला ते गृहस्थ त्याआधी मॉर्मन पंथीयांच्या नॉवू या नगराचे महापौर होते आणि तेथून बहिष्कृत होऊन बाहेर पडले होते; धर्म, राजकारण, वैद्यक आणि कोंबड्या या चारही क्षेत्रांत सारख्याच उत्साहाने संचार करणारी अशी माणसे त्या शतकानेच निर्माण केली, आणि बहुधा ते शतकच त्यांना निभावू जाणे. दुसरे जॉर्ज बर्नम. त्यांनी राणीला करड्या शांघाय कोंबड्यांची भेट पाठवली, राणीकडून बदल्यात तिचे चित्र आले, त्या राजमान्यतेच्या जोरावर आपला माल चढ्या भावाने खपवला, आणि ज्वर ओसरल्यावर 1855 साली त्या साऱ्या व्यवहाराचा विनोदी इतिहास लिहून लोकांच्या भोळेपणावर पुन्हा एकदा पैसे मिळवले. ज्याने रोग पसरवला त्यानेच रोगाचे वर्णन लिहावे, आणि ते इतके खुसखुशीत लिहावे की वाचताना त्याचा रागच येऊ नये, असा हा प्रकार. याच राज्याच्या पश्चिम भागात राहणाऱ्या हर्मन मेल्व्हिलने 1853 साली एक विलक्षण कथा प्रसिद्ध केली, तीत एका दरिद्री लाकूडतोड्याजवळचा शांघाय कोंबडा निवेदकाला कितीही पैसे देऊ केले तरी मिळत नाही. तेजीच्या ऐन दिवसांत, विकायला नकार देणारा मालक मेल्व्हिलला कथेतच शोधावा लागला यात नवल नाही.

ज्वर उतरला तेव्हा बाजारही उतरला, आणि या थोराड परदेशी कोंबडीचा उपयोग काय, असा प्रश्न शेतकऱ्यांनी विचारला. त्याचे उत्तर तिने स्वतः न देता आपल्या संततीकडून देवविले. प्लिमथ रॉक ही अमेरिकन जात घडताना आशियाई रक्त वापरले गेले. इंग्लंडात केंटमधल्या ऑर्पिंग्टन गावी विल्यम कुक यांनी 1894 साली जी बदामी ऑर्पिंग्टन पुढे आणली तिच्या मातृ-पितृकुळांत बदामी कोचिन उघडपणे उभी आहे. आणि येथून जवळच्याच ऱ्होड आयलंड राज्यातल्या शेतकऱ्यांनी मलाय आणि शांघाय वंशाच्या तांबूस कोंबड्यांपासून जी काटक, तांबडी, भरपूर अंडी देणारी जात बनवली, ती तर पुढे सरकारी पैदास केंद्रांमार्फत भारतातल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या परसात, गावरान कोंबड्यांच्या मेळ्यात उठून दिसणारी ‘आर.आय.आर.’ची, म्हणजे याच ऱ्होड आयलंड रेडची, तांबडी कोंबडी ज्याने पाहिली आहे, त्याने शांघायच्या त्या जहाजावरून उतरलेल्या कुळाची एक दूरची नातलगच पाहिली आहे. युरोपातल्या जुन्या जाती मुख्यत्वे पांढरी अंडी घालीत. बाजारात आज ज्या तपकिरी अंड्याला ‘गावठी’ समजून चार पैसे अधिक दिले जातात त्याचा रंग बव्हंशी या आशियाई पूर्वजांचा आहे.

मुलींनी घर चालवायला घेतल्यावर आईला जी मोकळीक मिळते तीच कोचिनला मिळाली. अंड्यांच्या आणि मांसाच्या हिशेबातून तिची सुटका झाली, आणि तिचा सारा कारभार शौकिनांच्या नजरेच्या स्वाधीन झाला. अमेरिकेत 1873 मध्ये कुक्कुटपालकांची संघटना स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी तिने जातींच्या आदर्श रूपांचा पहिला मापदंड छापला. त्यात कोचिन आहे. तेव्हापासून प्रत्येक पिढीतल्या पालकाने त्या छापील वर्णनाकडे एक डोळा आणि अंगणातल्या जिवंत पक्ष्याकडे दुसरा डोळा ठेवून जोड्या लावल्या आहेत, आणि या दोन डोळ्यांच्या ओढाताणीतून आजची कोंबडी उतरली आहे.

बदामी रंग बाहेरून साधा दिसतो, आणि साधेपणासारखे दुःसाध्य दुसरे काही नाही. मानेपासून मांडीपर्यंत एकच छटा हवी. पिसाची दांडी फिकट दिसता कामा नये. शेपटीत काळे आणि पंखांत पांढरे डोकावता कामा नये. नरात मान आणि पाठ निसर्गतःच अधिक तकतकीत असतात, म्हणून जुने पालक जोडी लावताना कोंबड्याच्या छातीचा रंग कोंबडीच्या अंगाशी ताडून पाहायला सांगतात. तो मिळाला तर पिल्ले बहुधा मार्गी लागतात. पुढे ऊन आपले काम करते. उन्हात वावरलेल्या पक्ष्याचा रंग उतरतो, आणि पिसे झडून नवी येऊ लागली की जुन्या-नव्यांच्या ठिगळांनी तोच पक्षी काही आठवडे अगदी दरिद्री दिसतो. तित्तिरवर्णी कोचिनची गोष्ट याहून अवघड, कारण तिथे कोंबडा काळ्या छातीचा आणि तांबड्या मानेचा हवा, तर कोंबडीच्या प्रत्येक पिसावर एकात एक अशा बारीक रेघा हव्यात. एकाच जोडीतून दोन्ही आदर्श उतरणे इतके दुर्मिळ, की आग्रही पालक कोंबड्यांसाठी एक वंश आणि कोंबड्यांच्या बहिणींसाठी दुसरा वंश अशी दोन घरे वेगळी सांभाळतात, आणि एका घरातला नर दुसऱ्या घरात चुकूनही जाऊ देत नाहीत. हे मी पाहिले आहे, आणि ते माझ्या शक्तीबाहेरचे आहे हेही मला पाहताक्षणी कळले.

पायांवरच्या पिसांचा वारसा मात्र पटकन वश होतो. साध्या पायांच्या कोंबडीशी कोचिनचा संकर केला तरी पहिल्याच पिढीच्या नडग्यांवर पिसे उगवतात, फक्त विरळ. आणि शुद्ध कोचिनचे पिल्लू तर अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच त्याच्या बाहेरच्या बोटांवर लव दिसते. उलट अंगावरची खरी पिसे येण्याची त्याला घाई नसते. लेगहॉर्नची पिल्ले पंख फुटून उड्या मारू लागतात तेव्हा कोचिनचे नर-पिल्लू पाठीवर जवळजवळ उघडेच हिंडत असते. डार्विनने 1868 च्या आपल्या ग्रंथात पाळीव पशुपक्ष्यांतल्या परिवर्तनांचा विचार करताना कोचिनची कवटीही तपासली, आणि रानकोंबडीत कवटीच्या मागचे जे छिद्र आडवे रुंद असते ते कोचिनच्या कवटीत उभे, काहीसे त्रिकोणी झाल्याची नोंद केली. ज्या पालकांनी फक्त पिसांकडे पाहून जोड्या लावल्या, त्यांच्या नकळत हाडाचीही घडण बदलत गेली होती. माणसाने एका गुणावर बोट ठेवले की त्याला न दिसणारे पाच गुण त्या बोटाखाली हलतात; आणि याच वाक्याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते, ती थोडी पुढे सांगतो.

आधी तिच्या संगोपनाविषयी थोडे. ती उडत नाही. दोनतीन फुटांचे कुंपण तिला मर्यादा म्हणून पुरते, आणि खुराड्यातली दांडी जमिनीपासून वीतभर उंच असली तरी चालते, किंबहुना तशीच असावी, कारण उंचावरून एवढे वजन रोज खाली आदळले तर तळपाय दुखावून पिकतात. पायांची पिसे हेच तिचे वैभव आणि हीच तिची आपत्ती. वसंतात इथले बर्फ वितळून चिखल होतो तेव्हा त्या पिसांना मातीचे गोळे लटकतात, आणि संध्याकाळी कोमट पाण्याची घमेली घेऊन ते भिजवून सोडवीत बसणे, हा माझ्या मार्च महिन्याचा ठरलेला उद्योग आहे. नडगीच्या खवल्यांखाली कीड शिरली तर पिसांमुळे ती लवकर दिसत नाही. म्हणून बोटांनी चाचपत राहावे लागते. आणि वीण सुरू होण्यापूर्वी मागच्या बाजूची दाट पिसे कात्रीने छाटावी लागतात, नाहीतर कोंबड्याची सारी खटपट त्या पिसांतच विरते आणि अंडी फोल निघतात. मापदंडाने मागितलेले सौंदर्य वंशवृद्धीच्या आड येते आणि मग माणसाने कात्री घेऊन मध्यस्थी करायची, यातला उपरोध मला दरवर्षी नव्याने जाणवतो. थंडीची तिला पर्वा नाही. उन्हाळ्याचे दोन महिने मात्र ती झाडाखाली चोच वासून, पंख अंगापासून दूर धरून काढते.

आता ती दुसरी बाजू. कोचिन खुडूक बसते, आणि ज्या निष्ठेने बसते तिला मी पाहिलेल्या कोंबड्यांत तोड नाही. एके सकाळी ती घरट्यातून उठत नाही. हात पुढे केला तर अंग फुगवून खोल, घोगरा, आजवर कधी न काढलेला आवाज काढते. छातीची पिसे उपटून उघडी झालेली उष्ण त्वचा अंड्यांना भिडवते. आणि त्यानंतर दिवसातून एकदाच, पंधरावीस मिनिटे, दाणापाणी आणि देहधर्म उरकण्यापुरती बाहेर येऊन, कोणाशी संबंध न ठेवता परतते. खाली अंडी असोत, नसोत, तिचा बेत ढळत नाही. रिकाम्या भुशावरही ती तितक्याच गांभीर्याने बसते. 21 दिवसांचा नियम तिच्या रक्तात आहे, पण तो तिने हट्टाने धरलेला नाही, कारण तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली तर ती 28 दिवसही बसते, आणि टर्कीची वा हंसाचीही अंडी आपलीच मानते. शेवटच्या दिवसांत कवचाआडून चिवचिव ऐकू येऊ लागली की तिचा स्वर बदलतो. त्या बारीक, तुटक, पुन्हा पुन्हा दिलेल्या उत्तरात मला तिची पहिली खरी ओळख वाटते, आणि त्या वेळी जाळीपाशी उभे राहून मी कामाला उशीर करतो.

मावशी इकडे आल्या होत्या तेव्हा त्यांनी या कोंबड्यांकडे प्रथम फारशा आदराने पाहिले नाही. मग एक खुडूक बसलेली दिसली आणि त्या जवळ जाऊन उकिडव्या बसल्या. “आमच्या इकडे असली बसली की पाण्यात बुचकळून काढायचे, नाहीतर नाकात पीस खोवायचे,” त्या म्हणाल्या, “अंडी बुडतात ना. पण एक मात्र अशी ठेवायची हो, मोडायची नाही. सगळ्याच मोडल्या तर पिल्ले कोण काढील?” आणि नंतर, बराच वेळ तिच्याकडे पाहून: “हिला बसू दे.”

मावशींच्या परसातला तो तोल कारखानदारीने पुरता मोडला. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही, आणि जिथे प्रत्येक दिवसाचा हिशेब अंड्यांत मोजला जातो तिथे हा काळ निव्वळ तोटा. म्हणून व्यापारी जातींतून ही प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ नाहीशी केली गेली, आणि उबवण्याचे काम यंत्राच्या हवाली झाले. लेगहॉर्नच्या हजारो कोंबड्या आयुष्यभर अंडी देतात आणि त्यांतली क्वचितच एखादी त्यांवर बसते. कोचिनमध्ये ही प्रवृत्ती टिकली ती शौकिनांच्या प्रेमामुळे, असे मला म्हणता आले असते तर बरे वाटले असते. पण तसे नाही. ती टिकली त्यांच्या दुर्लक्षामुळे. मापदंडात तुऱ्याचे दाते आहेत, पाठीची वळणे आहेत, बोटावरचे शेवटचे पीस आहे, आईपण नाही. पंचाच्या हाती कोंबडी येते ती पिंजऱ्यातून, क्षणभर, विजेच्या दिव्याखाली. ती कशी बसते हे पाहण्याची त्याला ना सोय ना कारण. ज्या गुणाला गुणपत्रिकेत रकाना नव्हता त्याच्यावर कोणी बोट ठेवले नाही, त्याला कोणी वाढवले नाही, कोणी तोडलेही नाही, आणि दीडशे वर्षे नजरेच्या कडक अमलाखाली राहूनही तो गुण बिनबोभाट आईकडून मुलीकडे उतरत आला.

अर्थात शौकिनाला तो आवडतो असेही नाही. बसलेल्या कोंबडीची छाती उघडी पडते, शेपटीची पिसे मोडतात, वजन उतरते. म्हणून प्रदर्शनाची कोंबडी खुडूक बसली की तिला थंड, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवून तिची ती धग मोडतात, आणि अंडी दुसऱ्या, रंगात कमी असलेल्या कोंबडीखाली किंवा यंत्रात सरकवतात. इथल्या एका वृद्ध पालकाने, ज्याच्या कोंबड्यांचे रंग पाहून मी हा नाद लावून घेतला, मला हेच करण्याचा सल्ला दिला होता, आणि त्याच्या दृष्टीने तो अगदी योग्य होता. त्याच्या भिंतीवरच्या फितींची रांग त्याची साक्ष देते.

यंदा ऑगस्ट संपता संपता माझ्या कळपातली सर्वांत समरंगी कोंबडी, जिच्या शेपटीत काळ्याचा ठिपकाही नाही, ती घरट्यात बसून घोगरू लागली. ऑक्टोबरातल्या जत्रेचे अर्ज तेव्हा टेबलावरच पडले होते. शेजारच्या बाईंकडून बदकाची अंडी आणून तिच्याखाली ठेवली आणि अर्जात तिच्या बहिणीचा क्रमांक लिहिला. बहिणीच्या पंखांत दोन पिसे पांढरी आहेत, आणि पंच पंख उलगडून पाहतातच.